सार्जंटचं पुस्तक उघडलं की आधी काळोख बघा

मागच्या अंकात जॉन सिंगर सार्जंट या पोर्ट्रेट पेंटरवर दोन पानं लिहिली होती आणि त्यावर आलेल्या पत्रांत जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं एकच, चित्रं आवडली, आता पुस्तक घ्यायचंय, पण चांगलं कुठलं हे कसं ओळखायचं. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : सार्जंट १८५६ साली फ्लॉरेन्समध्ये अमेरिकन आईवडिलांच्या पोटी जन्मला, पॅरिसमध्ये शिकला, लंडनमध्ये स्थायिक झाला आणि १९२५ साली तिथेच गेला. माझं अर्धं आयुष्य चित्रांच्या पुस्तकांची प्रूफं तपासण्यात गेलंय त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. काही पत्रं निवडलीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : नमस्कार ताई. माझ्याकडे सार्जंटची दोन पुस्तकं आहेत. एकात 'मॅडम एक्स'ची त्वचा छान गुलाबी दिसते, दुसऱ्यात तीच बाई आजारी असल्यासारखी निळसर पांढरी. मूळ चित्र मी बघितलेलं नाही, बघायला मिळेल असं वाटतही नाही. मग खरं कुठलं हे ठरवायचं कसं?

उत्तर : तुमचं निळसरवालं पुस्तक खऱ्याच्या जास्त जवळ असणार. हे चित्र व्हर्जिनी गोत्रो या बाईचं आहे, पॅरिसमध्ये तिच्या रूपाचा बोलबाला होता आणि ती अंगाला पावडर लावायची, तर त्या पावडरीची जांभळट झाक असलेली थंड, पांढरी कातडी हेच तर सार्जंटला रंगवायचं होतं. १८८४ च्या पॅरिस सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या वार्षिक चित्रप्रदर्शनात, चित्र लागलं तेव्हा खांद्यावरून घसरलेल्या पट्ट्यावरून गदारोळ झाला हे सगळ्यांना माहीत असतं (तो पट्टा त्यानं नंतर पुन्हा खांद्यावर चढवून रंगवला), पण लोकांनी तिच्या रंगावरही टीका केली होती, प्रेतासारखा दिसतो म्हणून. आता छापणाऱ्यानं ती कातडी गुलाबी केली म्हणजे चित्रातली मुख्य गोष्टच पुसली. आणि हे कुणी मुद्दाम करत नाही हो, कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाला वाटतं की फोटोला निळी झाक आलीय, तो चेहऱ्याचा रंग 'सुधारतो', झालं.

पण नुसतं निळं दिसलं म्हणून पुस्तक चांगलं असंही धरू नका, कारण कधीकधी अख्ख्या पानालाच निळी झाक असते. त्यासाठी तिचा कान बघा. त्या सगळ्या थंड पांढऱ्या कातडीत कान तेवढा लालसर गुलाबी आहे, तिथे पावडर नाही. कातडी थंड आणि कान गरम, हा फरक दिसला तर छापणाऱ्यानं चित्र नीट बघितलंय. कानही निळा असेल तर पानाला झाक आलीय, आणि कान-कातडी दोन्ही एकाच गुलाबी रंगाचे असतील तर कुणीतरी 'सुधारणा' केलीय. मूळ चित्र न बघता एवढं समजतं. रंग तंतोतंत बरोबर आहे का हे पुस्तकावरून कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही, पण एका रंगाचं शेजारच्या रंगाशी असलेलं नातं टिकलंय का हे डोळ्यांना कळतं.

आता मला या सगळ्यात जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. आपण पुस्तक चाळताना नजर जाते ती उजेडाकडे, चेहरा, मोती, पांढरा रेशमी झगा, आणि तो भाग बहुतेक पुस्तकांत बऱ्यापैकी छापलेला असतो कारण उजेड छापणं सोपं. पुस्तकाची खरी परीक्षा काळोखात होते. सार्जंट सतराव्या शतकातल्या वेलास्केथ या स्पॅनिश चित्रकाराचा भक्त, १८७९ साली माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये बसून त्याच्या चित्रांच्या कॉप्या केल्या त्यानं, आणि काळोखात काय काय ठेवायचं हे तो तिथून शिकला. त्यामुळे सार्जंटचं पुस्तक उघडलं की मी सगळ्यात आधी 'एडवर्ड डार्ली बॉइटच्या मुली' हे १८८२ चं चित्र काढते. चार बहिणी. सगळ्यात धाकटी चार वर्षांची, बाहुली घेऊन पुढे गालिच्यावर बसलीय, एक डावीकडे एकटी उभी, आणि थोरल्या दोघी मागे, दाराशी, एक सावलीत समोर बघतेय आणि एक उंच जपानी फुलदाणीला पाठ टेकून आडवी उभी, तोंड अर्धं अंधारात. त्या दोघींच्या मागे खोली आहे, खोलीत खोल कुठेतरी आरसा आहे आणि आरशात खिडकीचा उजेड.

वाईट छपाईत हे सगळं मागचं एक काळा ठोकळा होतो. थोरलीचा काळा फ्रॉक आणि मागचा अंधार एक होतात, तिचा पांढरा एप्रन तेवढा हवेत लटकल्यासारखा दिसतो, आरसा म्हणजे कुठलातरी करडा डाग. चांगल्या छपाईत तुम्हाला काळ्यातला काळा कळतो, फ्रॉकचा काळा वेगळा, सावलीचा तपकिरी काळा वेगळा, आणि नजर त्या खोलीत आत आत जाते. ज्या पुस्तकात ती खोली आत जात नाही ते पुस्तक मी मिटून ठेवते, मग चेहरे कितीही सुंदर छापलेले असोत.

का होतं असं? ऑफसेट छपाईत रंग ठिपक्यांनी बसतो आणि कागदावर शाई टेकली की ठिपका थोडा पसरतो. उजेडाच्या भागात ठिपके लांब लांब असतात, थोडे पसरले तरी चालून जातं, पण काळोखात ते आधीच इतके मोठे आणि जवळ जवळ असतात की जरा पसरले की एकमेकांना चिकटतात आणि मधली सगळी माहिती बुडते. त्यात कुणी चित्र उठावदार दिसावं म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवला की उरलंसुरलंही गेलं. आणि फोटो काढतानाही घोळ होतो, जुन्या तैलचित्रावर व्हार्निश असतं, दिव्याची चमक नीट मारली नाही तर काळा भाग दुधाळ, धुरकट येतो. म्हणजे काळोख दोन तऱ्हांनी बिघडतो, एकतर डांबरासारखा घट्ट नाहीतर राखेसारखा फिका. 'मॅडम एक्स'च्या काळ्या पोशाखात वरचा भाग मखमलीचा आणि खालचा घोळ सॅटिनचा, मखमल उजेड पिते आणि सॅटिन परत फेकतं. मखमल कुठे संपते आणि सॅटिन कुठे सुरू होतं हे पानावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. तुमच्या दोन्ही पुस्तकांत आजच बघा, कान आणि हा पोशाख, पाच मिनिटांत उत्तर मिळेल.

आणखी एक, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या चित्रांचे मोठे फोटो सगळ्यांना फुकट वापरायला खुले केलेत आणि 'मॅडम एक्स' १९१६ पासून त्यांच्याकडेच आहे. तो फोटो पडद्यावर उघडून पुस्तक शेजारी धरा. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो, त्यामुळे पुस्तक मंद दिसणारच, त्याला दोष देऊ नका. नाती जुळतात का तेवढं बघा.

प्रश्न : एका जाडजूड पुस्तकावर 'सार्जंटची संपूर्ण चित्रं' असं लिहिलंय, पाचशेच्या वर चित्रं आहेत. दुसरं पातळ आहे, साठेक चित्रं, पण मोठी. साहजिकच जाड पुस्तक घ्यावंसं वाटतंय. बरोबर ना?

उत्तर : थांबा, घेऊ नका अजून. सार्जंटची तैलचित्रं साधारण ९०० आणि जलरंगातली २००० च्या वर, शिवाय स्केचेस आणि कोळशाची चित्रं वेगळीच. त्यामुळे एका खंडात 'संपूर्ण' असं लिहिलेलं दिसलं की तिथेच शंका घ्यायची. त्याच्या कामाची खरी शास्त्रशुद्ध सूची रिचर्ड ऑर्मंड आणि इलेन किल्मरे यांनी केली, ती येल युनिव्हर्सिटी प्रेसनं छापली, पहिला खंड १९९८ ला आला आणि नववा २०१६ ला. म्हणजे पहिल्या खंडापासून नवव्यापर्यंत अठरा वर्षं. ऑर्मंड हे सार्जंटच्या बहिणीचे नातू, म्हणजे घरातलेच, तरी एवढा वेळ लागला. कुठल्या ग्रंथालयात हे खंड असतील तर विकत घ्यायच्या भानगडीत न पडता तिथे बसून बघा, प्रत्येक चित्राखाली किती माहिती असायला हवी हे एकदा डोळ्याखालून गेलं की बाकीची पुस्तकं आपोआप जोखता येतात.

आता आकाराचं गणित करून बघू. 'मॅडम एक्स'चा कॅनव्हास साधारण २०९ सेंटिमीटर उंच आहे, बाई जवळजवळ प्रत्यक्षातल्या मापाची. मोठ्या पुस्तकात ते चित्र २६ सेंटिमीटर उंचीचं छापलं तर आठपट लहान झालं. म्हणजे कॅनव्हासवर दोन सेंटिमीटर रुंद असलेला ब्रशचा फटका पानावर अडीच मिलिमीटरचा उरतो. बऱ्या आर्ट बुकला इंचाला १७५ ओळींची स्क्रीन, म्हणजे ठिपक्यांची जाळी, वापरतात, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये साधारण सात ठिपके, तर त्या फटक्याच्या रुंदीला सतराएक ठिपके मिळतात, त्यात फटका कुठून सुरू झाला आणि कुठे सुकत गेला हे थोडंफार दिसू शकतं. तेच चित्र आठ सेंटिमीटरचं करून एका पानावर सहा बसवली तर त्या फटक्याच्या वाट्याला पाच ठिपके. पाच ठिपक्यांत ब्रश दिसणार नाही, कितीही भारी मशीन असलं तरी. सार्जंटमधून ब्रश काढला तर नुसती श्रीमंत माणसांची यादी राहते, आणि हे मला खरंच वाईट वाटतं, कारण असं पुस्तक बघून माणसं म्हणतात की काय एवढं आहे यात.

मी स्वतः एकदा असंच जाड पुस्तक मागवलं होतं, प्रकाशनाचं नाव सांगत नाही. आलं, उघडलं, तर एकच जलरंगातलं व्हेनिसचं चित्र दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा छापलेलं, आणि त्यातलं एक डावं-उजवं उलटं! सही उलटी वाचता येत होती. चित्रांखाली नाव आणि साल, बस, माप नाही, माध्यम नाही, चित्र कुठे आहे ते नाही. शेवटी फोटो कुणाचे याचं पानच नाही. तेव्हापासून माझी सवय झालीय, पुस्तक मागून उघडायचं. फोटोंचं श्रेय देणारं पान असेल, त्यात म्युझियमची नावं असतील तर निदान फोटो मूळ ठिकाणाहून मागवलेत असं समजायचं. नेटवरून मिळाले ते फोटो गोळा करून मागणी येईल तशी एकेक प्रत छापणाऱ्यांचं हे पान बहुतेक गायब असतं. फोटो खुला असणं चांगलंच आहे, पण तो पडद्यासाठीचा फोटो छपाईच्या चार शायांत (निळी, लाल, पिवळी, काळी) बदलताना कुणीतरी प्रूफ काढून, डोळे घालून बसावं लागतं, आणि तेच तिथे कुणी केलेलं नसतं.

तर पातळ पुस्तक बघा. त्यात मापं दिली असतील आणि बॉइटच्या मुलींची खोली आत जात असेल तर तेच घ्या.

प्रश्न : मी पोर्ट्रेट शिकतोय. सर म्हणतात सार्जंट कॉपी कर. पुस्तकावरून कॉपी करायची असेल तर पुस्तकात काय असायला हवं? मला ब्रशचा फटका समजून घ्यायचाय.

उत्तर : तुम्हाला डिटेल लागतील, म्हणजे चित्राचा छोटा तुकडा मोठा करून छापलेली पानं. आणि त्यातही खाली लिहिलेलं हवं की हा तुकडा मूळ मापात आहे की मोठा केलाय की लहान. मूळ मापातला एक तुकडा शिकणाऱ्याला पन्नास अख्ख्या चित्रांपेक्षा जास्त शिकवतो, कारण तुमच्या हातातला ब्रश आणि त्याचा ब्रश एकाच मापाचे होतात.

सार्जंट १८७४ साली पॅरिसमध्ये कारोल्यूस-द्यूरां या पोर्ट्रेट पेंटरच्या स्टुडिओत शिकायला गेला. तिथे आधी बारीक रेखाटन करून मग रंग भरा असं नव्हतं, थेट ब्रशनं, मोठे मोठे भाग, मधल्या छटा आधी आणि मग उजेड-काळोख. सार्जंट ईझल, म्हणजे कॅनव्हासचा स्टँड, समोर बसलेल्या माणसाच्या शेजारीच उभं करायचा, लांब मागे जाऊन दोन्ही एकदम बघायचा आणि मग चालत येऊन फटका मारायचा. आणि फटका चुकला तर तो दुरुस्त करत बसत नसे, अख्खं डोकं खरवडून काढायचा आणि पुन्हा सुरुवात. म्हणून जे चित्र एका दमात झाल्यासारखं दिसतं त्यामागे कितीतरी खरवडलेली डोकी असतात, हे ज्या पुस्तकात नीट समजावलंय, ते लिहिणाऱ्यानं चित्रं जवळून बघितलीत असं समजा.

आता डिटेल बघताना एका गोष्टीची फार काळजी घ्या, शार्पनिंग. कॉम्प्युटरवर चित्र जास्त धारदार केलं की प्रत्येक कडेला एक बारीक पांढुरकी रेघ येते. फोटोत ती चालून जाते. सार्जंटच्या बाबतीत ती विष आहे, कारण त्याची अर्धी जादू कडा सोडण्यात आहे, कुठे कड घट्ट आणि कुठे बाही मागच्या रंगात विरघळून गेलेली. एडिनबरोच्या गॅलरीत 'लेडी अॅग्न्यू ऑफ लॉक्नॉ' आहे, १८९२ चं, खुर्चीत रेलून बसलेली बाई, पांढरा झगा, कमरेला जांभळट रंगाचा रुंद पट्टा, मागे निळसर हिरवं चिनी रेशीम. मी एका पुस्तकात हा पट्टा भिंगाखाली धरला होता. एका बाजूच्या कडेला लाल ठिपक्यांची ओळ बाहेर आलेली आणि दुसऱ्या बाजूला निळ्यांची, म्हणजे छापताना रजिस्टर हललेलं, चार शाया एकमेकांवर नेमक्या बसलेल्या नाहीत. नुसत्या डोळ्यांना ते फक्त 'जरा अस्पष्ट आहे' एवढंच दिसत होतं. शेजारच्या बाहीवर ती पांढुरकी रेघ होती, तिथे मूळ चित्रात झिरझिरीत कापड हवेत विरतं. ते पुस्तक घेऊन एखादा मुलगा कॉपी करायला बसला तर तो सार्जंटकडून कडक कडा शिकेल! छपाईवाले वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग मिळतं, ते घेऊन ठेवा, फार उपयोगी पडतं.

कोळशातली पोर्ट्रेटंही बघाच. १९०७ च्या सुमारास सार्जंटनं ऑर्डरची तैलपोर्ट्रेटं घेणं जवळजवळ बंद केलं, लोक ऐकेनात तेव्हा तो कोळशात डोकी करून द्यायला लागला, एका बैठकीत दोन-तीन तासांत एक, अशी शेकडो केली. ही चित्रं नुसत्या एका काळ्या शाईत छापली की मातट करडी दिसतात, कोळशाची खोली येतच नाही. काळ्याच्या जोडीला दुसरी करडी किंवा उबदार शाई घालून, म्हणजे ड्युओटोनमध्ये छापलेली असली तर गालावरची पुसट सावली आणि केसातला गडद काळा दोन्ही टिकतात, कागदाचा रवाही दिसतो. चेहरा शिकायला मला तरी ही पानं सगळ्यात जवळची वाटतात.

प्रश्न : कागद ग्लॉसी चांगला की मॅट?

उत्तर : तैलचित्रांना मॅट किंवा सिल्क कोटिंगचा कागद, काळोखही टिकतो आणि डोळ्यावर दिव्याची चमक येत नाही. जलरंगांना बिनकोटिंगचा, थोडा खरखरीत कागद कधीकधी सुंदर दिसतो पण त्यावर शाई जास्त पसरते, त्यामुळे छापणारा तयारीचा हवा. जलरंगात एक बघा, सार्जंटचा पांढरा बऱ्याचदा कागदाचाच पांढरा असतो, सोडून दिलेला, आणि तो कागद किंचित पिवळसर असतो. पुस्तकात तो पानाइतका पांढराशुभ्र आला असेल तर कुणीतरी चित्राचा कागद पुसून टाकलाय. आणि पान उजेडासमोर धरा, मागच्या पानावरचं चित्र आरपार दिसायला लागलं तर कागद पातळ आहे.

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात सार्जंटवरची दोन जुनी इंग्रजी पुस्तकं निघाली, बरीचशी चित्रं काळी-पांढरी. आता रंगीत मिळत असताना ही ठेवण्यात अर्थ आहे का?

उत्तर : कृपा करून टाकू नका! आधी भिंगाखाली बघा. ठिपक्यांची जाळी दिसली तर साधी छपाई. जाळी दिसली नाही, काळा मखमलीसारखा खोल आणि सलग दिसला तर ती फोटोग्रॅव्ह्यूरची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून छापलेली, पानं असू शकतात, त्या पद्धतीत काळोख असा काही उतरतो की आजची कितीतरी रंगीत पुस्तकं त्यापुढे फिकी पडतात. सार्जंट जिवंत असतानाच, १९०३ साली, त्याच्या चित्रांचा एक मोठा अल्बम ग्रॅव्ह्यूरमध्ये निघाला होता. रंग नसले तरी उजेड कुठे संपतो आणि काळोख कुठे सुरू होतो हे शिकायला काळं-पांढरं जास्त सोपं. जुन्या पुस्तकांतल्या रंगीत पानांवर मात्र अजिबात विसंबू नका, शाया उडालेल्या असतात आणि कागद पिवळा पडलेला असतो.

मजकुराचं दोन्ही बाजूंनी आहे. इव्हन चार्टरिस यांचं १९२७ चं चरित्र अजूनही लागतं, कारण ते सार्जंटला ओळखत होते आणि त्याच्याकडे शिकलेल्यांच्या आठवणी त्यात आहेत. पण जुन्या मजकुरात काही माणसं नसतातच. बॉस्टनच्या फाइन आर्ट्स म्युझियमच्या छतासाठी सार्जंटनं जी देवदेवतांची चित्रं केली त्यातल्या कितीतरी आकृत्यांसाठी, पुरुषांच्याच नव्हे बायकांच्यासुद्धा, टॉमस मकेलर हा एक कृष्णवर्णीय तरुण मॉडेल म्हणून उभा राहिला होता. हॉटेलात लिफ्ट चालवायचा, १९१६ साली दोघांची तिथे गाठ पडली. छतावर त्याचे गोरे देव झाले. २०२० साली बॉस्टनच्याच गार्डनर म्युझियमनं त्याच्यावर अख्खं प्रदर्शन केलं तेव्हा ही गोष्ट खूप जणांना पहिल्यांदा कळली. त्यामुळे नवं पुस्तक घेताना मागच्या नावांच्या सूचीत मकेलर शोधा. सापडला तर लिहिणाऱ्यानं सार्जंटकडे नव्यानं बघितलंय.

आणि 'मॅडम एक्स'च्या प्रकरणात, पट्टा घसरलेला असताना काढलेला मूळ चित्राचा जुना फोटो उपलब्ध आहे. तो छापलाय का तेही बघा, नुसती गोष्ट सांगून पुढे जाणारी पुस्तकं पुष्कळ आहेत.

प्रश्न : 'गॅस्ड' हे युद्धाचं चित्र मला फार बघायचंय. एका पुस्तकात ते दोन पानांवर पसरलेलं आहे पण मधला भाग शिवणीत गेलाय. दुसऱ्यात अर्ध्या पानावर बारीक आहे. यातलं कुठलं घ्यावं?

उत्तर : तुमची चिडचिड मला पूर्ण समजते, त्या चित्राच्या बाबतीत हे होतंच. १९१९ चं चित्र, लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये आहे, उंची २३१ सेंटिमीटर आणि रुंदी ६११. सहा मीटर! मस्टर्ड गॅसनं डोळे गेलेले सैनिक, डोळ्यांवर पट्ट्या, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, अशी रांग चाललीय. पन्नास सेंटिमीटर रुंद जोडपानावर बसवलं तरी बारापट लहान होतं, आणि वर मधोमध खाच. खाचेत एखाद्या सैनिकाचा हात गेला की रांगच तुटते, आणि रांग हेच तर चित्र आहे.

चांगलं पुस्तक इथे एकतर बाहेर उलगडणारं पान देतं नाहीतर जोडपान देऊन शेजारी डिटेल देतं. डिटेलमध्ये मागचं बघायला विसरू नका, रांगेच्या पलीकडे लांब सैनिक फुटबॉल खेळतायत, अगदी बारीक आकृत्या. अर्ध्या पानावरच्या चित्रात त्या ठिपक्याएवढ्या होतात आणि मग चित्रातली सगळ्यात बोचणारी गोष्ट हातून जाते, की इकडे ही आंधळी रांग आणि तिकडे खेळ चालू.

म्हणून जोडपानवालं घ्या, पण एक बघून. पुस्तक टेबलावर ठेवा, त्या पानावर उघडा आणि दोन्ही हात काढून घ्या. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, दोऱ्यानं शिवलेले असतील तर पान सपाट पडून राहतं आणि खाचेतला सैनिक बऱ्यापैकी दिसतो. नुसतं डिंकानं चिकटवलेलं असेल तर पुस्तक आपोआप मिटायला लागतं, जोर लावून उघडलं तर काही महिन्यांत तेच पान सुटून हातात येतं. पाठीच्या वरच्या टोकाकडून डोकावून बघा, फर्म्यांच्या घड्या वेगवेगळ्या दिसल्या आणि एखाद्या फर्म्याच्या मधल्या पानात दोरा दिसला की निर्धास्त घ्या.